झाकणाची वेल

“बैजिक भूमितीत स्टॅक कशाला लागतात, ते आधी बाबांना समजावून दे, मगच तोंडी परीक्षेला आत ये,” मॅडमनी बजावलं होतं. मुलीनं तसा शब्दही दिला होता. आता परीक्षेच्या दाराबाहेर ती सुतार बापाला ते समजावू पाहत होती. बाकावर शेजारी बसलेल्या एका अनोळखी बाईंचा जप त्यांचं बोलणं ऐकता ऐकता केव्हाच थांबला होता.

“बाबा, लाकडी डब्यांची एका आकाराची झाकणं तुम्ही एकाच खुंटीला अडकवता ना?”

“हो. आकाराला एक खुंटी.”

“आम्ही गणितात तसाच आकाराला एक बिंदू देतो. पण झाकण किती प्रकारे बसतं, ते खुंटीला कळतं?”

“तिला काय कळणार! समभुज तिकोनी झाकण तिन्हीकडून बसतं. मागे एक फिरवून ठोकलं, तर डब्यावर नि झाकणावर कोरलेली वेलच जुळेना. तुझी आई अजून टोमणे मारते!”

“आकारांना आकार जोडताना आमचीही अशीच फजिती होते. स्टॅक म्हणजे झाकण कसंकसं फिरून बसतं, तेही लक्षात ठेवणारी खुंटी.”

“अगं, मग हे आधी नाही का सांगायचं? माझा डबा वाचला असता!”

शेजारच्या बाई खुदकन हसल्या. मुलीनं वही उचलली आणि हलकेच दार ढकललं.