मोडलेलं बोट

कांगासच्या दवाखान्यात आमच्या हँडबॉल संघाचा गोलरक्षक ब्रैस आणि त्याची आई ओब्दुलिया माझ्या शेजारीच बसली होती.

"बोट मोडलंय, ब्रैस. रविवारी खेळायचं नाव काढू नकोस."

"आई, मोसमातला शेवटचा सामना आहे. हरलो तर संघ वरच्या लीगमधून बाहेर."

"दुसरा गोलरक्षक आहे ना?"

"शाकिन? महिन्यापूर्वी आलाय बिचारा. संघ बुडाला तर गाव जन्मभर त्याच्या नावानं बोटं मोडेल."

"आणि तुझ्या नावानं?"

"मी बारा वर्षं गोलात उभा आहे. मला शिव्या घालतील आणि विसरतील."

"अगदी बापावर गेलायस."

"म्हणजे खेळू?"

तेवढ्यात नर्सनं नाव पुकारलं.

"ऊठ. आत मी बोलते. तू फक्त म्हणायचं, दुखत नाही."