कपाच्या कानाची चौकशी

लग्नाला तीनच महिने झालेत, त्यामुळे सासरी मी अजून ऐकण्याचंच काम करते. चामराजपेटेतल्या आमच्या घरात एक नियम पक्का आहे. सासऱ्यांच्या पक्षाला निर्दोष ठरवतो तो चौकशी आयोग निःपक्षपाती, दोषी ठरवतो तो विकला गेलेला.

परवा टीव्हीवर दुसऱ्या प्रकारचा आयोग आला. सासऱ्यांनी कप आपटला आणि सासूबाईंच्या माहेरच्या त्या कपाचा कान तुटला. तो त्यांनी गुपचूप सदऱ्याच्या खिशात टाकला.

"कप कोणी फोडला?" सासूबाईंनी विचारलं.

"मी चौकशी करतो," सासरे म्हणाले. जेवताना निष्कर्षही आला. "सूनबाई भांडी जरा जोरात घासते."

सासूबाई माझ्याकडे वळल्या.

"अहवाल मान्य आहे, बाबा," मी म्हटलं. "फक्त खिशातला कान तेवढा त्याला जोडा."