कुठला गॅस?

...नाही हो, मला एवढंच सांगा, दाढी करताना माणसाला गॅस लागतो का? स्वतःच्या घरात, आरशासमोर, हातात ब्रश धरून? नाही ना? तुम्हाला कळतं, मला कळतं, पहिलीतल्या पोराला कळतं! पण ज्यांना कळायला हवं ते लाल दिवा लावून, भोंगा बोंबलवत आले आणि दारातूनच विचारतात, "कुठला गॅस?"

तुम्हाला सांगतो, आमचे गंगारामकाका. वडील गेल्यावर गोदीत राबून मला बीएस्सी केलं ते याच माणसानं. रिटायर झाले, कोपरखैरण्याला सिडकोची खोली घेतली, म्हटलं आता सुखानं राहतील. कसलं सुख! सकाळी दाढी करता करता हातातून ब्रश गळाला. उजवा हात लुळा, तोंड एका बाजूला ओघळलेलं, बोलायला जावं तर नुसतं "ब... ब..." लकवा! मेंदूचं रक्त अडलं! यात न कळण्यासारखं काय आहे? भिमाकाकू तव्यावरची भाकरी टाकून धावल्या, मी वाण्याच्या फोनकडे धावलो.

आता आमच्या बाजूला रुग्णवाहिका किती? एक! तीही केमिकल कारखान्यांनी मिळून ठेवलेली. भोपाळ झालं, साहेबलोकांची तंतरली, तेव्हा घाईघाईनं घेतली. आणि माणसांना शिकवलं काय? गॅस! कपडे उतरवा, पाणी मारा, दूध पाजा. कारखान्यात कसलाही वास आला की दूध देतात ना, तेच. संपलं वैद्यकशास्त्र! पाय मोडला, पाणी मारा. बाई अडली, दूध पाजा!

तर त्या गाडीतून उतरला भगवान. मदतनीस, राहणारा बोनकोड्याचा, छाती अशी पुढे. मागून ड्रायव्हर बंडू. त्यानं काकांकडे बघितलं. काकांच्या अर्ध्या तोंडाला दाढीचा साबण. झालं!

"बंडू, तोंडाला फेस आयलाय! पानी आन!"

"अहो, साबण आहे तो! दाढी करत होते!"

"तू मधी नको बोलू. कुठला गॅस?"

"गॅस नाही हो! लकवा! हात बघा, तोंड बघा!"

"घरान सिलिंडर हाय ना?"

सिलिंडर आहे म्हणजे गॅस आहे, ठरलं! बनियन टराटर फाडलं, काकांना मोरीत बसवलं आणि बादलीवर बादली! काकू ओरडतायत, "अरे मेल्यांनो, आंघोळ झालीय त्यांची!" ऐकतो कोण? वर बंडूनं पेला तोंडाला लावला. दूध! ज्याला धड गिळता येत नाही, त्याला दूध! ते गेलं श्वासनळीत. महिनाभर माणूस हॉस्पिटलात पडून... लकव्यानं नाही हो, न्यूमोनियानं! दुधानं मरत होते आमचे काका!

मी गप्प बसणार? गेलो त्यांच्या सेफ्टी ऑफिसरकडे. श्यामसुंदर साहेब. पंख्याखाली, बुटांचे पाय खुर्चीवर. म्हटलं, तुमच्या माणसांना लकवा ओळखायला शिकवा. तर हा गृहस्थ मला म्हणतो, "मिस्टर, आमच्या पट्ट्यात लकवा तयार होत नाही." तयार होत नाही! जणू काही लकवा पिंपात भरून ट्रकनं कळंबोलीला जातो!

शेवटी भगवान-बंडूचा मीच वर्ग घेतला. कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये, वड्याच्या वासात. किती सोपं सांगितलं! पेशंटला हसायला सांगा, तोंड वाकडं होतं का बघा. दोन्ही हात वर करायला सांगा, एक खाली येतो का बघा. नाव विचारा, जीभ अडखळते का ऐका. असेल तर कुशीवर निजवा, तोंडात थेंबसुद्धा घालू नका, कधी सुरू झालं ते विचारा आणि गाडी पळवा. बस! तर पुढच्याच आठवड्यात घणसोली गावात एक जण माडावरून पडला. भगवान त्याच्या उशाशी: "हस!" तो म्हणतो, "पाय मोडलाय रं!" "पाय मंग बघू. आदी हस!"

असे हे! पण मी सोडलं नाही. पुन्हा सांगितलं, पुन्हा घोकून घेतलं. आणि परवा... परवा काकांना दुसरा झटका आला. जेवताना. गाडी आली, भगवान उतरला, मी डोळे मिटले. म्हटलं, आता विचारतो...

नाही विचारलं! "काका, हसा बगू," म्हणाला. काका निम्मेच हसले. "हात वर करा." एकच आला. भगवाननं त्यांना कुशीवर घेतलं, तोंडातला घास बोटानं काढला. काकू बिचाऱ्या गांगरून दूध घेऊन आल्या, तर हा गरजला, "काकी, दूध बंद! कदी झाला त्ये सांगा!" तुम्हाला सांगतो, माझ्या डोळ्यांत पाणी आलं. जमलं, म्हटलं! देश सुधारतो!

हॉस्पिटलच्या दारात पोचलो. डॉक्टर बाहेर आले. पांढरा कोट, गळ्यात नळी, मोठ्या कॉलेजची डिग्री. काकांकडे बघितलंच नाही. गाडीवरची कारखान्यांची नावं वाचली आणि विचारलं,

"कुठला गॅस?"

"गॅस नाही डॉक्टर, लकवा! आत्ताच झालाय!"

"मग तिकडे रांगेत बसा. या खाटा गॅसवाल्यांसाठी राखीव आहेत."

मागे बघतो तर ओळीनं रिकाम्या खाटा! पांढऱ्याशुभ्र चादरी, ऑक्सिजनच्या नळ्या, उभ्या नर्सेस... आणि रांग म्हणाल तर पार फाटकापर्यंत. इकडे काकांचा श्वास घरघरायला लागलेला. काकू माझ्याकडे बघतायत. म्हणजे मी, बीएस्सी, शास्त्र शिकलेला, वर्ग घेतलेला, सत्यासाठी साहेबाशी भांडलेला मी...

मी म्हणालो, "क्लोरीन."

आणि मागून भगवान हळूच विचारतो, "मंग... कपडं उतरवू?"