लेथचं कुंकू

(बंगळुरूच्या पीण्या या कारखान्यांच्या वसाहतीतलं जुन्या यंत्रांचं म्युझियम. आयुधपूजेची, म्हणजे खंडेनवमीची सकाळ. एका लेथसमोर, म्हणजे धातू कातायच्या यंत्रासमोर, म्युझियमच्या प्रमुख अहल्या आणि त्याच लेथवर पूर्वी काम केलेले निपाणीकडचे परसू.)

परसू : ताट का अडवून धरलासा, अक्का? येळ टळतीया पूजेची.

अहल्या : हार घाला, उदबत्ती लावा. कुंकू मात्र आज लोखंडाला नको, परसूअण्णा.

परसू : आँ? आजवर कधी अडवलं न्हाईसा. आज तुमचा हितला शेवटचा दिवस, आन् आजच ह्ये खूळ कुठनं काढलासा?

अहल्या : स्वल्प वाका, थोडंसंच. इथं बघा. दरवर्षी तुम्ही बोट टेकवता ना, तिथंच.

परसू : गंज हाय.

अहल्या : ओलं कुंकू, वर लिंबाचा रस.

परसू : अवो, कारखान्यात बी लावतच होतो की! तवा कुठं चढला गंज?

अहल्या : तेव्हा दुसऱ्या दिवशी तुम्ही पुसून तेल द्यायचात. रोज चालायचा तो. इथं बिचारा नुसता उभा असतो.

परसू : मग मी येऊन पुसतो.

अहल्या : आम्हीही पुसतो. पण आत शिरलेला गंज कसा थांबवायचा, ते मला येत नाही. इतकी वर्षं प्रमुख म्हणून मिरवते, आणि हे येत नाही! लाज वाटते हो. म्हणून तर खुर्ची सोडून शिकायला चाललेय.

परसू : तुमी जाशीला दिल्लीला. तुमच्या जागी ती हर्षिता येणार, आन् ह्याला काचंत घालणार. गेटवरचा मंजुनाथ सांगत हुता. माझी आख्खी जवानी ह्याच्याम्होरं गेली, अक्का. मालकानं भंगारात काढला, तवा तुमीच लॉरी घिऊन आलासा. आता तुमीच सोडून चाललासा. राग आलाय मला, सांगून टाकतो.

अहल्या : रागवा, पण ऐका. एक जण म्हणतो, काच लावा, पूजा बंद. दुसरा म्हणतो, लोकांचं मन मोडू नका, गंजला तर गंजू दे. मला दोन्ही नको. लेथही टिकायला हवा आणि तुमचं बोटही त्याला लागायला हवं. ते कसं जमवायचं हेच शिकणार आहे मी. तोवर काच नाही, हर्षिताशी बोललेय. ‘सरी’ म्हणाली ती, कबूल आहे तिला.

परसू : आन् तुमी तिकडंच ऱ्हायलासा तर?

अहल्या : इथं जयनगरात घर आहे, नवरा आहे. जाते कुठं?

परसू : घरचं मालक काय म्हंत्यात?

अहल्या : खूश आहेत! म्हणतात, दोन वर्षं रोज बिसीबेळे भात खाणार, अडवायला कोणी नाही.

परसू : आन् तुमी ऱ्हानार कुठं?

अहल्या : हॉस्टेलात.

परसू : ह्या वयात?

अहल्या : खोलीत दुसरी मुलगी बावीस वर्षांची. परवा फोन करून विचारलं तिनं, आंटी, घोरता का तुम्ही?

परसू : काय सांगितलासा?

अहल्या : सांगितलं, स्वल्प.

परसू : खोटं! परवा मिटिंगीत डोळा लागला तुमचा, तर गेटापर्यंत ऐकू येत हुतं म्हणं.

अहल्या : त्या मंजुनाथाला बघतेच मी!

परसू : बरं, सरी. न्हाई लावत लोखंडाला. पर कालवलेलं कुंकू माघारी कसं न्यायचं? आज हत्याराला कुंकू लागायलाच पायजे. त्या पिशवीत काय हाय तुमच्या?

अहल्या : कॉलेजनं वाचून यायला सांगितलेलं पुस्तक. धातूंचं. चार पानं वाचली, त्यातली दोन कळली.

परसू : आणा हिकडं. आता ह्येच तुमचं हत्यार. ठेवा लेथम्होरं. हां, आस्सं. कोपऱ्यात लावू न्हवं?

अहल्या : मधोमध लावा, परसूअण्णा. चांगलं ठसठशीत. मला भीती वाटतेय.

परसू : वाटणारच की. पयल्या दिवशी ह्या लेथला हात लावाय मी बी भीत हुतो.