सुकाणूवरची चप्पल

मी मूळचा सावर्ड्याकडचा, आमच्या वाडीत समुद्र कोणी बघितलेला नाय, बापूस मुंबईला, आवस शेतात, मी ट्रॅक्टरच्या गॅरेजात शिकलो आन् मिरकरवाड्याला बोटींची इंजिनं खोलायला आलो. आमी बौद्ध, ते बंदरात सगळ्यांना ठाऊक, तोंडावर कोण बोलत नाय.

काय सांगू तुमाला, इंजिनाशेजारची जागा अशी, की सरपटत आत शिरलं की कूस बदलता येत नाय, अंगाखाली डिझेल आन् मासळीचं काळं पाणी, आन् ते पाणी उपसायचा पंप नेमका इंजिनाच्या फिरत्या पट्ट्याच्या मागे. म्हणून माझी रीत, खाली उतरताना चप्पल सुकाणूला टांगायची. चप्पल दिसली की मिस्त्री खाली हाय, इंजिन चालू करायचं नाय. माझा जीव त्या चपलेवर, सगळ्या बंदराला माहीत.

त्या दिवशी दिनू तांडेलाच्या बोटीचा पंप जळालेला, पाणी चढत होतं. मी आत, हात पट्ट्याच्या मागे, गंजलेला बोल्ट काय सुटत नाय. दिनू वर अगरबत्ती लावायला आला, बघतो तर सुकाणूच्या वर लावलेल्या देवीच्या फोटोखाली माझी चप्पल. ह्यांना अक्कल नाय, बोलला, आन् हात न लावता काठीने उडवून पाण्यात टाकली. मग बोट बर्फ भरायला पुढे घ्यायची म्हणून सेल्फ मारला. रागात तू खाली हायस ते डोक्यातनं गेलं, असं तो बोलतो. मी मानत नाय.

उजव्या हाताची दोन बोटं पट्ट्याने नेली. माझी बोंब ऐकून खलाशाने इंजिन बंद केलं. मी वर आलो तो डाव्या हातात पाना घेऊनच, आन् दिनूच्या तोंडावर घातला, पुढचे दात गेले, तो पडला तरी घातला, रक्त त्याचं का माझं कळत नव्हतं. खलाशांनी दाबून धरलं म्हणून जिवंत राहिला. मला वाईट वाटत नाय, आजपण नाय.

पोलिसात दोघंपण गेलो नाय. मधे बरीच वर्षं गेली, आन् गेल्या पावसाआधी दिनू कवळी घालून दारात उभा. बोलला, पंप परत जळाला, त्या खबदाडात दुसरा मिस्त्री शिरत नाय, बोट बुडेल रे. मी बोललो, येतो, पण चप्पल आता टांगायची नाय, तू हातात धरायची, मी वर येईस्तोवर.

तवापासनं त्याचं काम मीच करतो. दिनू देवीसमोर बसतो, माझी चप्पल मांडीवर घेऊन, दोन्ही हातांनी धरून. मी खालनं विचारतो, हाय काय रे? वरनं तो बोलतो, हाय. मगच मी पट्ट्यामागे हात घालतो.