लवकीचा जूस

चहात साखर टाक बापा, अन् जूसचं नाव काढशील तर उठून जाईन मी! भंडाऱ्याहून साळा आला अन् माझं पोट पाहून म्हणे, "भाऊजी, मासे-मटण बंद. रोज सकाळी लवकीचा, म्हंजे दुधी भोपळ्याचा, जूस प्या." बायको हात धुऊन मागं लागली. वरून म्हणे, "तुमच्यासोबत आम्हीबी मासे सोडतो." मी भोळा, नाक दाबून पिऊन राहिलो!

एका सकाळी मात्र जूस असा चवदार लागला, की मी दुसरा गिलास मागितला. "आज काय टाकलं वं?"

चुलीपासून माय बोलली, "काही नाही रे. काल मिक्सरच्या भांड्यात झिंग्याची चटणी वाटली, ते धुवाचं राहून गेलं."

डोस्कंच फिरलं माझं! "मी लवकी पिऊन राहिलो, अन् तुम्ही दोघी लपून झिंगे खाऊन राहिल्या?"

बायको म्हणते, "ओरडता काहून जी? गावच्या तलावात झिंगे निघाले, घरोघरी वाटा आला. फेकून देऊ का?"

"कोणाच्या नावानं आला वाटा?"

"तुमच्याच."

आता तूच सांग! झिंगे माझ्या नावाचे, अन् मले त्या भांड्याचं धुवण पाजलं!