चार डबे कोबी

दवाखान्यात खोळंबा होता. सुई बोटात शिरलेली शिंपीणबाई काही चोरून ऐकणाऱ्यातली नव्हती. पण एक म्हातारे गृहस्थ आणि त्यांची लेक तिला अगदी खेटूनच बसले होते.

“बाबा, डॉक्टरांना खरं सांगा. शिळं काय खाल्लंत?”

“कोबी. जरा आंबूस लागला.”

“मग टाकायचा ना. ही काटकसर जिवावर बेतेल एक दिवस.”

“टाकवत नाही.”

“कधीचा होता?”

“आता कसं सांगू? फ्रिजमध्ये चार डबे आहेत.”

“चारही कोबीचे?”

“रोज करते तुझी आई.”

“आई? ती तर देठंसुद्धा वाया घालवत नाही. यादी केल्याशिवाय पिशवी उचलत नाही.”

“यादी करते. रोज करते.”

“आणि घरात काय आहे ते बघत नाही?”

“बघते. मग बाजारात जाते.”

“मी आजच येऊन फ्रिज रिकामा करते.”

“नको. कचऱ्याच्या बादलीत दिसेल तिला.”

“दिसू दे की.”

“मागच्या आठवड्यात डबे दिसले. म्हणाली, अहो, हे सगळं कोणी केलं? मग दुपारभर ओट्यापाशी नुसती उभी होती. तेव्हापासून मी आधीच संपवून टाकतो.”

शिंपीणबाईने बोटाच्या चिंधीची गाठ उगाचच सोडून पुन्हा बांधली. तेवढ्यात म्हाताऱ्यांचा फोन वाजला.

“हं, बोल. बरं. बरं.”

“आई ना? काय म्हणते?”

“कोबी छान मिळाला म्हणे. ताजा.”

“द्या इकडे. आई, मी बाबांबरोबर जेवायलाच येतेय. भाजी जरा जास्तच कर. फार भूक लागलीय.”